संगणकाच्या पंख्याला घरचा रेग्युलेटर

(आमच्या सामुदायिक रेडिओ केंद्रावरून प्रसारित झालेलं भाषण)



गेल्या महिन्यात बाजाराच्या दिवशी शेजारच्या गावातल्या एका गटाच्या ताईंनी आम्हाला थांबवून विचारलं, “तुमच्या कार्यक्रमात पूर्वी बोलणाऱ्या बाईच्या मागं सारखं सूं सूं वाजायचं. आता वाजत नाही. नवं मशीन घेतलं का?”

नाही ताई, मशीन तेच आहे. त्याच्या पंख्याला आम्ही आमच्या हातानं एक रेग्युलेटर करून बसवला. दोनशे रुपयांच्या आत काम झालं. तो कसा केला, आमचं काय चुकलं आणि तुम्ही काय जपायचं, ते आज सांगतो. कागद-पेन्सिल जवळ घेऊन बसा. ज्या गटांचं झेरॉक्सचं किंवा ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे, त्यांनी तर बसाच.

आधी हे कशासाठी केलं ते सांगतो.

आमची रेकॉर्डिंगची खोली दहा बाय बाराची, वर पत्रा. बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून खिडकी बंद आणि भिंतींना गोधड्या लावलेल्या. रेकॉर्डिंग सुरू करताना छताचा पंखा बंद करतो, मोबाइल बाहेर ठेवतो. सगळं शांत झालं की एकच आवाज उरायचा, तो संगणकाचा. हा संगणक एका कार्यालयात वापरून झालेला, आम्हाला जुना मिळालेला. कामाला चांगला आहे, पण चालू केला की लांबून ट्रॅक्टर येतोय असं वाटायचं.

बाजारभाव, हवामान यांच्यात तो आवाज खपून जायचा. पण गेल्या उन्हाळ्यात आम्ही जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करायला घेतल्या. आमच्या गावात एक आजी आहेत, ऐंशीच्या पुढच्या. त्यांना येतात तेवढ्या ओव्या आता गावात दुसऱ्या कुणाला येत नाहीत. आजींचा आवाज बारीक झालाय, मध्ये मध्ये दम घेतात. पहिल्या दिवसाचं रेकॉर्डिंग ऐकलं तर ओवीपेक्षा पंखाच जास्त. ऑडॅसिटी नावाचा फुकट मिळणारा प्रोग्राम आहे, त्यात मागचा आवाज पुसायची सोय असते. तीही करून पाहिली. पंखा गेला, पण आजींचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा झाला आणि शब्दांची टोकं गेली.

मग आम्ही जास्तीचा शहाणपणा केला. पंख्याची वायरच काढून ठेवली. खोली एकदम शांत. आजी बसल्या आणि वीस-पंचवीस मिनिटं सलग गायल्या. आणि एकाएकी पडदा काळा झाला. संगणक तापून आपोआप बंद पडला होता. पुन्हा चालू केल्यावर पहिली चार मिनिटं तेवढी सापडली. बाकीचं गेलं ते गेलंच.

आजी रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “मी म्हणीन गं पुन्हा. पण दम कुठनं आणू?” त्या दिवशी आम्हाला कुणाला जेवण गेलं नाही.

तालुक्याच्या गावी एका दुरुस्तीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, जुनं झालंय, नवं घ्या. नव्याला पैसे नव्हते. तेव्हा आमच्यातल्या एका वहिनीनं विचारलं, “छताच्या पंख्याला रेग्युलेटर असतो, मग याला का नसावा?” हा प्रश्न घेऊन आम्ही आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवणाऱ्या एका सरांकडे गेलो. सर दोन रविवार आमच्याबरोबर बसले. पण हात आमचेच चालले, हे मुद्दाम सांगतो.

आता पंख्याकडे येऊ.

संगणकाच्या डब्याला कॅबिनेट म्हणतात. त्यात आमच्याकडे तीन पंखे निघाले. एक प्रोसेसरवर बसलेला. त्याला चार वायरी होत्या, आणि त्याचा वेग मदरबोर्ड स्वतःच गरजेप्रमाणे कमी-जास्त करतो. त्याला हात लावायचा नाही. दुसरा पंखा वीज देणाऱ्या पेटीत, म्हणजे एसएमपीएसमध्ये. त्याला तर मुळीच हात लावायचा नाही. तिसरा कॅबिनेटच्या मागच्या बाजूला, आतली गरम हवा बाहेर फेकणारा. तो सरळ १२ व्होल्टला जोडलेला होता. उन्हाळा असो की पावसाळा, काम असो की नसो, तो आपला पूर्ण वेगानं फिरायचा. सगळी सूं सूं त्याची होती.

घरचा छताचा पंखा २३० व्होल्टवर चालतो आणि त्याची वीज एसी असते. हा छोटा पंखा १२ व्होल्टवर चालतो आणि त्याची वीज डीसी, म्हणजे बॅटरीसारखी एकाच दिशेची. म्हणून घरातला रेग्युलेटर काढून याला लावायचा प्रयोग कुणीही करू नका. याचा रेग्युलेटर वेगळा असतो. पण काम तेच. व्होल्ट कमी केले की पंखा हळू होतो.

यात एक गोष्ट आपल्या फायद्याची आहे. पंख्याचा वेग निम्मा केला तर हवा साधारण निम्मी होते, आवाज मात्र त्याहून कितीतरी जास्त उतरतो. म्हणजे थोडी हवा सोडून दिली की पुष्कळ शांतता मिळते. वायर काढून टाकायची गरजच नव्हती. आम्हाला हे आधी कळलं असतं तर आजींचा दम वाया गेला नसता.

दुसरी गोष्ट. व्होल्ट फार कमी केले तर पंखा सुरूच होत नाही. जात्याचं आठवा. पहिला फेरा द्यायला जोर लागतो, फिरायला लागलं की हलकं जातं. पंख्याचंही तसंच. फिरता पंखा कमी व्होल्टवर फिरत राहील, पण बंद पंखा तेवढ्यावर उठणार नाही. म्हणून रेग्युलेटर असा करायचा की खुंटी कितीही खाली फिरवली तरी साडेसहा व्होल्टच्या खाली जाणार नाही.

रेग्युलेटरच्या आधी झाडलोट करा. संगणक बंद करून प्लग भिंतीतून काढा. कॅबिनेट उघडून रंगाच्या मऊ ब्रशनं धूळ काढा. पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा, मोकळं फिरू देऊ नका. आमच्या कॅबिनेटमधून मूठभर बुरा निघाला आणि नुसत्या त्यानंच आवाज थोडा उतरला. मग पातं बोटानं हळूच फिरवून बघा. ते डगडगत असेल, घासत असेल, घरघर करत असेल, तर पंखा झिजलाय. त्याला रेग्युलेटर लावून उपयोग नाही, पंखाच बदलायचा.

आता सामान लिहून घ्या.

एलएम ३१७ नावाचा तीन पायांचा व्होल्टेज रेग्युलेटर, एक नग. ही वस्तू कितीतरी वर्षांपासून बाजारात आहे आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या बहुतेक दुकानांत सहज मिळते. २४० ओहमचा एक रेझिस्टर, त्याचे पट्टे लाल, पिवळा, तपकिरी आणि शेवटी सोनेरी. १ किलोओहमचा एक रेझिस्टर, पट्टे तपकिरी, काळा, लाल आणि सोनेरी. १ किलोओहमचा एक पॉट, म्हणजे फिरवायची खुंटी. ०.१ मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर आणि १ मायक्रोफॅरडचा एक. एक छोटा चालू-बंदचा स्विच. भोकांची पट्टी असते तसला झिरो पीसीबीचा तुकडा. वायर, स्लीव्ह, आणि उष्णता पसरवायला अॅल्युमिनियमचा छोटा हीट सिंक. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला कुणी जाणार असेल तर त्यांना यादी द्या. तालुक्याला रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानातही बहुतेक सामान मिळतं. सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं पुरतं. ते आणि मल्टिमीटर आम्ही सरांचे वापरले.

जोडणी हळू सांगतो, कागदावर काढत जा.

एलएम ३१७ असा धरा की छापलेली अक्षरं आपल्याकडे आणि पाय खाली. डावीकडून पहिला पाय अॅडजस्ट, मधला आउटपुट, उजवीकडचा इनपुट. पुन्हा सांगतो. डावा अॅडजस्ट, मधला बाहेर जाणारा, उजवा आत येणारा.

उजव्या पायाला १२ व्होल्ट द्यायचे. मधल्या पायातून पंख्याची लाल वायर निघेल. मधला आणि डावा पाय यांच्यामध्ये २४० ओहमचा रेझिस्टर. डाव्या पायापासून १ किलोओहमचा रेझिस्टर, त्याच्या पुढं पॉट, आणि पॉटमधून काळ्या वायरीला, म्हणजे ग्राउंडला. पॉटला तीन पाय असतात, त्यातला मधला आणि कडेचा एक असे दोनच वापरायचे. पंख्याची काळी वायर सरळ ग्राउंडला. ०.१ चा कपॅसिटर इनपुट आणि ग्राउंडच्या मध्ये, १ चा कपॅसिटर आउटपुट आणि ग्राउंडच्या मध्ये. १ च्या कपॅसिटरवर उणे चिन्हाची पट्टी असेल तर ती बाजू ग्राउंडकडे. शेवटी स्विच इनपुट आणि आउटपुट या दोन पायांमध्ये. स्विच दाबला की रेग्युलेटर बाजूला राहतो आणि पंख्याला पूर्ण १२ व्होल्ट मिळतात. उन्हाळ्यात याची गरज पडते.

यातला १ किलोओहमचा रेझिस्टर विसरू नका. तोच पंख्याला साडेसहाच्या खाली जाऊ देत नाही. वरच्या बाजूला खुंटी पूर्ण फिरवली तरी पंख्याला दहा व्होल्टच्या आसपासच मिळतात, कारण एलएम ३१७ स्वतःसाठी दोनेक व्होल्ट ठेवून घेतो.

सोल्डरिंगची आम्हाला भीती वाटत होती. सरांनी विचारलं, कल्हई करताना पाहिलंय ना? पाहिलं होतं. कल्हईला जे कथील लागतं, तेच या सोल्डरच्या तारेत शिशाबरोबर असतं. भांडं चांगलं तापलं तरच कल्हई धरते, तसंच इथं. तार आयर्नवर वितळवून थेंब टाकायचा नाही. आधी जोडाची जागा तापवायची आणि मग तार जागेला लावायची. चांगला जोड कल्हईसारखा चकचकीत दिसतो. मळकट आणि दाणेदार दिसला तर तो कच्चा, पुन्हा करायचा. शिसं पोटात जाऊ नये म्हणून काम झाल्यावर साबणानं हात धुवायचे, खिडकी उघडी ठेवायची, लेकरांना लांब ठेवायचं. गरोदर बाईनं हे काम करू नये. आमच्या आठ जणींत सगळ्यांत स्वच्छ जोड कुणाचे झाले सांगू? चौथीत शाळा सुटलेल्या काकूंचे. आयुष्यभर त्यांनी मण्यांची माळ ओवलीय, हात स्थिर आहे.

“हे आपलं काम नव्हे” असं वाटत असेल तर आणखी एक सांगतो. राजस्थानात अजमेर जिल्ह्यात तिलोनिया नावाचं गाव आहे. तिथल्या बेअरफूट कॉलेजात शाळेचं तोंड न पाहिलेल्या बायका सौर दिव्यांची सर्किटं सोल्डर करायला शिकतात. आफ्रिकेतल्या खेड्यांतून आलेल्या आज्यासुद्धा तिथं हे शिकून आपल्या गावी परतल्या आहेत.

आता आमच्या चुका सांगतो, म्हणजे तुमच्या होणार नाहीत.

पहिली चूक रंगांची. एसएमपीएसमधून जो चार वायरींचा प्लग येतो, त्यात पिवळी वायर १२ व्होल्टची, लाल ५ व्होल्टची आणि मधल्या दोन काळ्या ग्राउंडच्या. आमच्या पंख्याला मात्र लाल वायर १२ व्होल्टची, काळी ग्राउंडची आणि पिवळी वेग सांगणारी. तीन वायरींच्या बहुतेक पंख्यांना हेच रंग असतात. आम्ही लालला लाल लावली. पंख्याला ५ व्होल्ट मिळाले आणि तो जागच्या जागी थरथरत राहिला. हे थोडक्यात निभावलं. पिवळीला पिवळी लावली असती तर वेग सांगणारा भाग जळला असता. साडीला ब्लाउज जुळवतो तसे इथं रंग जुळवायचे नाहीत. मल्टिमीटरनं मोजायचं आणि मगच जोडायचं.

दुसरी चूक पाठीची. एलएम ३१७ च्या पाठीला जो धातूचा पत्रा असतो, तो आतून मधल्या पायाला जोडलेला असतो. आमचा पत्रा कॅबिनेटला टेकला आणि शॉर्ट झाला. पंखा थांबला, रेग्युलेटर चटका बसेल एवढा तापला. या भागात स्वतःला वाचवायची सोय असते म्हणून तो जळला नाही. तेव्हा तो आणि त्याचा हीट सिंक कुठल्याही धातूला टेकू देऊ नका. टेकवावाच लागला तर मध्ये अभ्रकाचा तुकडा आणि प्लॅस्टिकचा वॉशर घाला. आम्ही सगळी जोडणी साबणाच्या प्लॅस्टिकच्या डबीत बसवली. तळाला भोकं असतात, हवा खेळते. डबी कॅबिनेटच्या मागं बाहेरून चिकटवली आणि खुंटी वर काढली.

तो तापतो किती, तेही सांगतो. पंख्यावरच्या चिठ्ठीवर ०.२ अँपिअर लिहिलं असेल आणि तुम्ही १२ चे ७ व्होल्ट केले, तर मधल्या ५ व्होल्टांची उष्णता होते. ५ गुणिले ०.२ म्हणजे १ वॅट. छोटा हीट सिंक एवढं सहज सोसतो. जुन्या काळचा लाकडी पेटीतला पंख्याचा रेग्युलेटर असाच तापायचा, आठवतो का?

संगणकाला जोडायच्या आधी बाहेर तपासणी करा. आम्ही फवारणी पंपाची १२ व्होल्टची बॅटरी घेतली. बॅटरी शॉर्ट झाली तर वायर पेटू शकते, म्हणून मध्ये १ अँपिअरचा फ्यूज घातला. खुंटी पूर्ण खाली ठेवून पंखा दहा वेळा बंद-चालू केला. दहाही वेळा उठला, तेव्हा पास. तुमचा पंखा साडेसहा व्होल्टवर उठत नसेल तर १ किलोओहमच्या जागी १.२ चा रेझिस्टर घाला.

पंख्याची पिवळी वायर टेपनं बंद करून ठेवली तरी चालते. पण काही संगणक सुरू होताना “पंखा सापडत नाही” म्हणून अडून बसतात. तसं झालं तर पिवळी वायर तेवढी मदरबोर्डच्या पंख्याच्या जागेत तिच्या मूळ खुंटाला राहू द्यायची, म्हणजे त्याला वेग कळत राहतो.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. एसएमपीएसची पेटी कधीही उघडायची नाही. प्लग काढल्यावरही तिच्यात जिवावर बेतणारी वीज साठून राहते. संगणक हमीच्या मुदतीत असेल तर हे काम करू नका, आणि प्रोसेसरचा पंखा सोडून बाकीचेच बघा.

बसवल्यावर तापमानावर नजर ठेवा. ते दाखवणारे फुकट प्रोग्राम मिळतात. आमची आता सवय झालीय. बोलणाऱ्या बाई आल्या की खुंटी खाली, त्या उठल्या की खुंटी वर. अर्धा तास रेकॉर्डिंग झालं की पाच मिनिटं पूर्ण वेग. वैशाखात पत्रा तापला की दुपारचं रेकॉर्डिंगच ठेवत नाही, सकाळी उरकतो. प्रोसेसरचं तापमान ८० अंशांच्या पुढं जायला लागलं की थांबायचं, मग कुणीही बोलत असो. आणि दर दहा मिनिटांनी सेव्ह. हा धडा आम्हाला महागात पडलाय.

सगळं झाल्यावर आम्ही पुन्हा आजींकडे गेलो. यायला तयार होतील का याची धास्ती होती. आजी आल्या. खोलीत बसल्या, इकडं तिकडं पाहिलं आणि म्हणाल्या, “आज तुमची गिरणी बंद हाय व्हय?” आम्ही म्हटलं, बंद नाही आजी, हळू केलीय. त्या दोन दिवस थांबत थांबत गायल्या. तेच रेकॉर्डिंग तुम्ही श्रावणात आपल्या केंद्रावर ऐकलंत. त्यात मध्ये मध्ये आजी श्वास घेतात, तोही ऐकू येतो. तो आम्ही पुसला नाही.

त्यानंतर आम्ही अशा आणखी तीन डब्या केल्या. एक शाळेच्या संगणकाला, एक सोसायटीच्या, आणि एक गटाच्या झेरॉक्सच्या दुकानातल्या. प्रत्येक ठिकाणी आधी धूळ काढली. शाळेत तर धूळ काढल्यावर पंखा इतका शांत झाला की डबी बसवायची गरजच पडली नाही. ती परत घेऊन आलो.

तुमच्या गटाला शिकायचं असेल तर दोघी-तिघी मिळून केंद्रावर या. बंद पडलेल्या संगणकाचा एखादा पंखा मिळाला तर घेऊन या, त्याच्यावर हात बसवू. आणि तुमच्या गावात कुणी ओव्या म्हणणाऱ्या आजी असतील, तर त्यांनाही सोबत आणा. खोली आता शांत आहे.